ओकच्या खांबावरची निळी टेप

काका, तुमच्या रॉनीचा मेसेज आला तेव्हा मी शारजातल्या एका नव्या टॉवरच्या अठराव्या मजल्यावर दारांना निळी टेप चिकटवत होते. कुठं ओरखडा, कुठं पॉलिशचा ओघळ, कुठं बिजागरीचा स्क्रू तिरका. दिसेल तिथं टेपचा तुकडा आणि त्यावर पेनानं नंबर. मग यादीत तीन रकाने: दोष काय, जबाबदार कोण, दुरुस्ती कोणी केली. ताबा देण्याआधीची ही आमची शेवटची फेरी. तुम्ही तिला ‘मॅडमचं हळदीकुंकू’ म्हणायचात, कारण मी दिसेल त्याला टिकली लावत सुटते.

‘डॅडी सकाळी गेले. चहा पिऊन खुर्चीत बसले होते,’ एवढंच रॉनीनं लिहिलं होतं. मी मेसेज दोनदा वाचला, फोन खिशात ठेवला आणि उरलेली चार दारं संपवली. दुसऱ्या दिवशी हँडओव्हर होता. मग खाली येऊन गाडीत बसले, एसी लावला, आणि गाडी थंड व्हायच्या आतच रडायला लागले.

तुमचा जन्म वसईत कुठल्या आळीत झाला, गल्फमध्ये किती वर्षं काढलीत, नातवंडं किती, हे तुमच्या घरचे लिहितील आणि ते माझ्यापेक्षा बरोबर लिहितील. मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती तुम्हाला माहीत आहे. पूर्ण गोष्ट माझ्याशिवाय फक्त तुम्हालाच माहीत होती. तुम्ही माझ्यासाठी एकदा खोटं बोललात आणि त्या खोट्यावर माझी सात वर्षं उभी आहेत. मी तुमचे आभारही नीट मानले नाहीत, कारण आभार मानायचे तर खरं बोलावं लागलं असतं.

म्हणून त्या लाकडी घराची गोष्ट पहिल्यापासून सांगते.

आपले अमिराती क्लायंट अबू राशिद तरुणपणी शेतीचं शिकायला इंग्लंडला गेले होते आणि सफकमधल्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या शेतघरात राहिले होते. ते घर त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. पुढं त्याच गावातल्या दुसऱ्या एका शेतघराचा लाकडी सांगाडा विकायला निघाल्याचं त्यांना कळलं आणि त्यांनी तो घेतला. चारशे वर्षांचं ओकचं लाकूड. खांब, तुळया, वासे, आडवे-तिरके आधार, सगळं सोडवून दोन कंटेनरांत भरून जबल अली बंदरात आलं आणि तिथून आपल्या वर्कशॉपला. खलिफा सिटीतल्या त्यांच्या व्हिलाच्या बागेत ते परत उभं करायचं आणि त्यात पाहुण्यांची बैठक करायची. आपली कंपनी तोवर हॉटेलांची कपाटं आणि बँकांचे काउंटर करत होती.

कंटेनर उघडला तो दिवस तुम्हाला आठवत असणार. भर जुलै. आतून भट्टीसारखी वाफ आली आणि तिच्यामागून धुराचा वास. तिकडच्या लोकांनी प्रत्येक लाकडाला नंबराचं लेबल चिकटवून पाठवलं होतं, सोबत नकाशाही होता. पण बंदरातल्या उन्हात आणि दमटपणात डिंक सुटला, आणि सगळी लेबलं कंटेनरच्या तळाशी पाचोळ्यासारखी पडलेली. नकाशात दोनशेच्या वर नंबर, आणि लाकडांवर एकही नाही. सगळे सुतार तुमच्याकडे बघायला लागले. तुम्ही एक तुळई हुंगलीत आणि म्हणालात, ‘चूल होती हिच्याखाली.’

खरंच होती. मी नंतर वाचलं. त्या घरांना आधी धुराडी नसायची. मधल्या उंच खोलीत जमिनीवरच जाळ असे, धूर वर चढून छपरातून वाट काढी, आणि वासे पिढ्यान् पिढ्या काळे होत जात. तुम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं. तुम्हाला वासावरून कळलं.

मी तेव्हा कंपनीत नवी होते, क्वालिटी बघायला घेतलेली, प्रोबेशनचे सहा महिने चालू. दोनच महिन्यांपूर्वी अमोलची नोकरी गेली होती. त्याचा आणि ईराचा व्हिसा माझ्या नोकरीवर आला होता, ईराची पहिलीची शाळा नुकतीच सुरू झाली होती, आणि आमच्या जीएमसाहेबांनी मला आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं की या कामात एकही तक्रार आली तर नोकरी तिथंच संपेल. हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्या वेळी मी एकही दोष का सोडत नव्हते, ते सांगते.

मी टेप घेऊन लाकडांवरून फिरले. नव्या कपाटावरून फिरावं तशी. आणि मला दोष सापडत गेले. जवळजवळ प्रत्येक सांध्यापाशी ओरखडे: तीन उभ्या रेघा, चार उभ्या रेघा, कुठं फुली, कुठं रेघेला शेपटी. खुंट्यांची भोकं मोजली तर एकमेकांशी न जुळणारी. मी ते सगळं लिहिलं, नंबर दिले, प्रत्येकाचा फोनवर फोटो काढला. ‘भोक चुकलेलं’ असं तर मी तीसेक वेळा लिहिलं असेल. चारशे वर्षांपूर्वीच्या सुताराचं काम नापास करणारी मी पहिलीच असेन.

तुम्ही माझ्यामागून चालत होतात. म्हणालात, ‘बाय, हे ओरखडे मुद्दाम केलेले वाटतात. पटाशीनं केलेत. राहू दे.’ मी म्हणाले, ‘काका, हँडओव्हरला क्लायंट बोट ठेवून विचारेल, तेव्हा तुम्ही येणार आहात का उत्तर द्यायला?’ दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही व्हिसाच्या मेडिकलला गेलात, आणि मी तुमच्या माघारी सँडिंगची ऑर्डर दिली. जिथं निळी टेप, तिथं मशीन मारा.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तुम्ही दुपारी परत आलात तोवर अकरा लाकडं झाली होती. पहिला नंबर दाराच्या खांबाचा होता, कारण तोच सगळ्यांत पुढं पडला होता. काळ्याभोर ओकवर तळहाताएवढे पांढुरके डाग, आणि माझी मंडळी बाराव्याकडे वळत होती. तुम्ही मशीनचा प्लग काढलात. ओरडला नाहीत. चष्मा लावून न घासलेल्या एका तुळईपाशी उकिडवे बसलात, रेघांवरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, ‘हे आकडे आहेत. आमच्या चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेच्या चित्रांखाली असतात तसे. एक उभी रेघ, दोन, तीन. फुली म्हणजे दहा.’ लहानपणी दर उपवासकाळात त्या चौदा चित्रांसमोरून गेलेला माणूस होता, म्हणून ते घर वाचलं. मी इंजिनियर होते आणि मला ते ओरखडे वाटले होते.

मग तुम्हीच हळूहळू सगळं उलगडलंत. ते सुतार ओक ओलं असतानाच कापायचे. आपल्या आवारात जमिनीवर भिंतीच्या भिंती आडव्या जोडून बघायचे, लाकडाच्या टोकाची प्रत्येक जीभ तिच्याच खाचेसाठी कोरायचे, दोन्हीवर एकच आकडा काढायचे, डाव्या बाजूच्या लाकडाला शेपटी द्यायचे, मग सगळं सोडवून गाडीत घालून शेतावर नेऊन उभं करायचे. ‘म्हणजे हे घर जन्मापासूनच एकदा सुटून जोडलेलं आहे,’ तुम्ही म्हणालात. ‘त्याला प्रवासाची सवय आहे.’ आणि ती चुकलेली भोकं? तीही मुद्दाम चुकवलेली. खुंटी ठोकली की ती वाकडी वाट काढत जाते आणि सांधा खेचून घट्ट करते. सांध्यांत लोखंडाचा एक खिळा नाही. हे सांगताना तुमच्या तोंडावर जो आनंद होता, तो बघून मला जास्त मेल्यासारखं झालं.

पण अकरा लाकडांचे आकडे गेलेच होते. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले. बाहेर तुम्ही उभे होतात. ‘तुझी ती लिस्ट कुठंय?’ तुम्ही विचारलंत.

माझी दोषांची यादी. त्यात सगळं होतं. ‘दाराचा खांब, मधला सांधा, चार उभे ओरखडे, शेवटच्याला शेपटी.’ शिवाय फोटो. मी प्रत्येक आकडा दोष समजून इमानदारीत उतरवून ठेवला होता. तुम्ही ती वाचत गेलात आणि हसायला लागलात, इतके, की सुतारही हसले. तुम्ही म्हणालात की चारशे वर्षांत या घराची एवढी काळजीपूर्वक नोंद कुणी घेतली नसेल, घेतली ती नापास करायला का होईना.

सगळं त्या यादीनं सुटलं नाही, हेही लिहायला हवं. घाईत काढलेले काही फोटो हलले होते. चार लाकडं अशी होती की तुम्ही ती वर्कशॉपच्या फरशीवर पसरून, जीभ-खाच लावून, काढून, परत लावून जोडी शोधलीत. एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसतच नव्हती. बारा दिवस गेले. मग तुम्ही पटाशीनं ते अकरा आकडे पुन्हा कोरलेत आणि प्रत्येकाशेजारी एक बारीक क्रूस काढलात. कशाला, विचारलं तर म्हणालात, ‘पुढच्या माणसाला कळायला नको का, की हे जुन्या मिस्त्रीनं नाही केलं? आपण त्याची सही करायची नाही.’

तोवर बातमी वर पोहोचली होती. जीएमसाहेबांनी आपल्या दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर घासलेल्या खांबाचा फोटो. त्यांनी विचारलं, हे कुणी सांगितलं? मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, काका. पण तुम्ही आधी बोललात.

‘मैंने बोला, सर. मेरा गलती है. मॅडमने सबका लिस्ट और फोटो बनाके रखा था, इसलिए बच गया.’

मी तोंड मिटलं. सगळी गोष्ट एवढीच आहे. मी तोंड मिटलं, आणि साहेब माझ्याकडे वळून ‘गुड वर्क’ म्हणाले.

कँटीनमध्ये मी तुम्हाला गाठलं. तुम्ही डाळीत पाव बुडवत होतात. असं का केलंत, विचारलं. तुम्ही म्हणालात, ‘माझी फोरमनकी आता कोण काढतो? फार तर ओरडतील. तुझं पोर शाळेत जातंय ना? जाऊ दे. खलास.’ तुमचं ‘खलास’ म्हणजे खरंच खलास असायचं. पुढं मी तीनदा विषय काढला आणि तीनदा तुम्ही तोच शब्द म्हणालात.

पण फक्त ओरडण्यावर भागलं नाही. अबू राशिदनी ठरवलं होतं की भिंती आणि छप्पर करायच्या आधी आपल्या फोरमननं सफकला जाऊन तसली उभी घरं बघून यावीत. ते तुम्हालाच नेणार होते. तुम्ही मीना बाजारात जाऊन लोकरीचा स्वेटरही घेऊन आला होतात, तपकिरी, मोठ्या बटणांचा, आणि वर्कशॉपात सगळ्यांना घालून दाखवला होतात, बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना. केबिनमधल्या त्या दिवसानंतर साहेबांनी तुमचं नाव खोडलं आणि माझं घातलं.

मी नाही म्हणू शकले असते. नाही म्हटलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही माझ्या टेबलावर एक पिशवी ठेवलीत. आत तो स्वेटर. ‘तिकडं थंडी असते,’ तुम्ही म्हणालात. त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मी तो शोधला, आठवडाभर शोधला, आणि तो नव्हता.

स्वेटर मला गुडघ्यापर्यंत आला. मी तो घालून पाच शेतघरं पाहिली. दाराशी वाकावं लागतं. एका बाजूला स्वयंपाक आणि दुसऱ्या बाजूला बैठक, मधून आरपार जाणारी वाट. वरचा मजला खालच्यापेक्षा हातभर पुढं आलेला. जमीन अशी उतरती की खुर्चीच्या पायाखाली लाकडाचा तुकडा घालून ठेवलेला. एका शेतकरीणबाईनं मला भिंतीतून निसटलेलं एक ढेकूळ कागदात बांधून दिलं. परत आल्यावर मी ते तुमच्या हातात ठेवलं. तुम्ही ते चुरडलंत, वास घेतलात, आणि म्हणालात, ‘अगं, हा तर कूड आहे. माती, पेंढा, शेण. आत काठ्या विणलेल्या असणार.’ असणार म्हणजे होत्याच. ‘आमच्या वाडीत माझ्या आजोबांच्या गोठ्याची भिंत हीच,’ असं तुम्ही म्हणालात, आणि मग दिवसभर तुम्ही खूश होतात. मी इंग्लंडहून तुम्हाला वसईची भिंत आणून दिली होती.

पण फोटो बघताना मात्र मला लाज वाटली. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून फोनवर बोटांनी चित्र मोठं करत विचारत होतात, वाशाचा पाय तुळईवर कसा टेकलाय? तिरका आधार आतून आहे की बाहेरून? खुंटी किती बाहेर ठेवलीय? आणि मी फुलांचे ताटवे काढून आणले होते, चहाचे कप, गवताची छपरं. तुम्ही गेला असतात तर नकाशे भरून आणले असते. तुम्ही एवढंच म्हणालात, की फुलं छान आलीत.

कुडाच्या भिंतींचं हसू मात्र अजून येतं. शेणाची मागणी मी परचेसला पाठवली तर त्यांनी नियमाप्रमाणे तीन कोटेशनं मागितली. तुम्ही तो कागद वर्कशॉपच्या बोर्डावर लावून ठेवलात. शेवटी अल ऐनच्या एका गोठ्यातून माल आला आणि त्याच्या डिलिव्हरी नोटवर क्वालिटीची सही माझीच होती. आपल्या बिहारी आणि पठाण सुतारांनी पँटी वर खोचून माती तुडवली. कुणाला शिकवावं लागलं नाही. प्रत्येकाच्या गावात तसली एक भिंत निघाली.

आपलं एक भांडण मात्र राहूनच गेलं. सांगाडा उभा राहिला तेव्हा उत्तरेकडचा कोपऱ्यातला खांब बाहेर झुकलेला निघाला, वरती चांगला चार बोटं. मी लेझर लावून दाखवला आणि तो ओळंब्यात आणायला सांगितलं. तुम्ही नाही म्हणालात. सरळ केला तर बाकीचे सगळे सांधे उघडतील. ते सगळे त्याच्या झुकण्याशी जुळवून घेत बसलेत. मी म्हणाले, कन्सल्टंट पास करणार नाही. तुम्ही म्हणालात, कन्सल्टंटला सांग, आधी ह्याच्याएवढं जगून दाखव. दोन दिवस आपण बोललो नाही. मग शुक्रवारी मी ईराला घेऊन आले होते. तिनं खांबाकडे बघून विचारलं, ‘अंकल, व्हाय इज इट बेंट?’ तुम्ही म्हणालात, ‘थकलंय गं ते. टेकलंय.’ ती म्हणाली, ‘बट इट विल फॉल.’ तुम्ही म्हणालात, ‘अजून तरी नाही पडलं.’ मी रिपोर्टात ‘मूळ स्थितीत ठेवले’ असं लिहिलं आणि सही केली. पण मनातून मला ते पटलं नव्हतं. तुम्ही निवृत्त होऊन वसईला गेलात तेव्हाही फोनवर मी तुम्हाला म्हणत असे की दोन इंच तरी आत घेता आला असता. तुम्ही म्हणायचात, ‘ये इकडे, मग भांडू.’ आले नाही. दरवर्षी इन्शाल्ला म्हणत राहिले.

घर पुरं झालं तेव्हा अबू राशिदनी पितळी पाटी करून आणली. साहेबांनी दिलेल्या माहितीवरून त्यावर लिहिलं होतं, की या घराची पुनर्बांधणी माझ्या देखरेखीखाली झाली. फक्त माझं नाव. मी तुमच्याकडे धावत आले. तुम्ही पाटी हातात घेऊन तिचं वजन बघितलंत, पितळ चांगलं आहे म्हणालात, आणि ती कुठं लावायची ते तुम्हीच अबू राशिदना दाखवलंत: दाराच्या डाव्या खांबावर, छातीच्या उंचीला. तुम्हीच ती लावलीत. लाकडाला नवीन भोक नको म्हणून जुन्या बिजागरीच्या खिळ्यांची भोकं शोधलीत. मला वाटलं, एवढ्या समोर का लावतायत? मला तिथून जाताना दर वेळी नजर चुकवावी लागे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

त्या पाटीवर मला पुढची कामं मिळाली. प्रोबेशन संपलं, बढती झाली, अमोलला वर्षभरानं नोकरी लागली, ईरा आता तेरा वर्षांची आहे आणि माझ्याहून उंच. हे सगळं तुमच्या एका वाक्यातून आलं आहे. तुम्ही ते वाक्य बोलून डाळीत पाव बुडवलात आणि विसरलात. मी विसरले नाही, पण बोललेही नाही. तुम्ही इथं होतात तोवर मला वाटे, आता बोलले तर तुम्ही खोटे ठराल. ही सबब मला फार सोयीची होती.

तुमच्या अंत्यविधीच्या मिस्सेला मला येता आलं नाही. रॉनीनं फोनवर दाखवली. फिलोमिनाकाकू पहिल्या बाकावर ताठ बसल्या होत्या. त्या संध्याकाळी मी जीएमसाहेबांना मेल लिहिला. चारच ओळी. सँडिंगची ऑर्डर माझी होती, पास्कल मिस्त्रींची नव्हती. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. जे येईल ते येईल.

आणि शनिवारी मी खलिफा सिटीला गेले. अबू राशिद आता थोडे वाकलेत. घरात गारवा होता, कुडाच्या भिंतींवर हात ठेवावासा वाटत होता. तुम्ही खुंट्या मुद्दाम बोटभर बाहेर ठेवल्या होत्या, पुढं लाकूड आकसलं तर ठोकून घ्यायला. कुणीतरी त्या नेमानं ठोकत असावं, कारण एकही सांधा उघडा नव्हता. मी कोपऱ्यातल्या खांबाजवळ जाऊन उभी राहिले. तो तसाच चार बोटं झुकलेला आहे आणि त्याचा एकही सांधा सुटलेला नाही. काका, तुमचं बरोबर होतं. घ्या, संपलं भांडण.

अरबी कॉफीचा कावा पिऊन झाल्यावर मी अबू राशिदना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, त्या माणसाला इंग्लंड बघायचं होतं? मी हो म्हणाले. ते म्हणाले, आता तुला माझ्याकडून काय हवंय ते तूच सांग. मी म्हणाले, मला ती पाटी काढायची आहे.

पर्समध्ये स्क्रू-ड्रायव्हर असतोच. चार स्क्रू, चारही तुमच्या हातचे, सगळ्यांच्या खाचा एका रेषेत. पाटी सुटून हातात आली, आणि खाली काय होतं ते बघून मी दाराच्या उंबऱ्यावर बसले.

तळहाताएवढा पांढुरका डाग. मशीनचे गोल ओरखडे अजून स्पष्ट दिसत होते. माझ्या यादीतला पहिला नंबर. बाकीचे दहा डाग वर उंचावर आहेत आणि सात वर्षांत काळवंडून गेलेत. हा एकच डोळ्यांसमोर येणारा होता, येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारला असता असा. तुम्ही माझं नाव समोर मिरवायला लावलं नव्हतं. तुम्ही माझ्याच नावानं माझी चूक झाकली होती, आणि इतकी बेमालूम की ती मलाही दिसली नाही. डागाच्या मधोमध तुमच्या पटाशीचे चार उभे घाव, शेवटच्याला शेपटी, आणि बाजूला बारीक क्रूस.

अबू राशिद मागे येऊन उभे राहिले. त्यांनी वाकून डागावर बोट ठेवलं. ‘धिस ही डिड?’ त्यांनी विचारलं. मी म्हणाले, डाग माझा. आकडा त्यांचा.

पाटी परत लावायची का, त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. आता हे लाकूड हवा खाईल आणि आपोआप काळं होईल, त्याला जेवढी वर्षं लागतील तेवढी लागोत. मग मी पर्समधून निळी टेप काढली. एक तुकडा फाडून डागाच्या कडेला चिकटवला, आकड्यावर येणार नाही असा. पेन काढलं. नेहमीचे तीन रकाने. दोष: चिन्ह घासले. सात वर्षांत जबाबदार माणसाच्या रकान्यात मी शेकडो नावं लिहिली असतील, सुतारांची, रंगाऱ्यांची, एकदा तर तुमचंही. तिथं मी माझं नाव लिहिलं, मुग्धा. आणि त्याखाली, दुरुस्ती कोणी केली: पास्कल मिस्त्री, वसई.